पिवळं फडकं

लॅबमध्ये नवीन पोरं आली की मी त्यांचे चेहरे बघत नाही, हात बघतो. पेट्री प्लेटचं झाकण पूर्ण उघडून टेबलावर उताणं टाकणारा कोण, पिपेटमध्ये पाणी असताना ती आडवी करणारा कोण, उघड्या प्लेटवर वाकून गप्पा मारणारी कोण, हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. मग वर्षभर मला त्या पोरांचं काही नवीन कळत नाही. माणूस बदलतो असं लोक म्हणतात. हात बदलत नाही, हे मी बत्तीस वर्षं बघतोय.

मी लवू परब. अंधेरी पूर्वेच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅबचा अटेंडंट. काचसामान धुवायचं, जिवाणूंचं खाणं शिजवायचं, ते प्लेटांमध्ये ओतायचं, वापरलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये उकळून निर्जंतुक करायचा, कागदावर माझं काम एवढंच. पण पिपेटचं बटण पहिल्या टप्प्याला थांबवायचं कसं, हे मॅडम फळ्यावर शिकवतात आणि मी हातात धरून शिकवतो. आमच्या यव्होन मॅडम मरोळ गावठाणातल्या. आज त्या डिपार्टमेंटच्या हेड आहेत, पण एकेकाळी याच लॅबमध्ये विद्यार्थिनी होत्या आणि त्यांच्या हातून फुटलेले फ्लास्क मी मोजलेले आहेत. त्यामुळे त्या अजून मला लवूकाका म्हणतात आणि मी त्यांना, रागावलो तरी, मॅडमच म्हणतो.

या वर्षीच्या सगळ्या पोरांत मला हात आवडला तो शीतलचा. शीतल हिवराळे. घर कांजूरमार्गला, वडील शिवदास टँकरवर ड्रायव्हर, मूळचे बुलढाण्याकडचे. पोरगी सकाळी साडेसातला लॅबच्या दारात हजर असायची. प्लेटचं झाकण उघडायची तेही बोटभर, आणि तेवढ्यात काम उरकून बंद. मी एकदा मॅडमना म्हटलंसुद्धा, "ह्या पोरीक कोणी शिकवलान?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच की."

पण हात चांगला म्हणून नशीब चांगलं असं थोडंच असतं! तिचा प्रोजेक्ट होता जिवाणू चमकवायचा. समुद्रातल्या एका चमकणाऱ्या प्राण्याचं जनुक जिवाणूच्या पोटात घालायचं, म्हणजे यूव्हीच्या, अतिनील दिव्याच्या, पेटीवर प्लेट ठेवली की तो हिरवा दिसतो. करायला पंधरा मिनिटांचं काम. जिवाणू बर्फात ठेवायचे, त्यात जनुक घालायचं, मग एकदम बेचाळीस डिग्रीच्या गरम पाण्यात पंचेचाळीस सेकंद, आणि पुन्हा बर्फात. त्या झटक्याने म्हणे जनुक आत शिरतं. याला हीट शॉक म्हणतात. शीतलने हा शॉक सात वेळा दिला. कधी प्लेटवर काही उगवलंच नाही, कधी उगवलं पण चमकलं नाही. आणि तिच्याकडे वेळ उरला नव्हता, कारण शुक्रवारी डॉ. निहार सबनीस येणार होते.

हे सबनीस एका मोठ्या संशोधन संस्थेतले. दर वर्षी येतात, मुलांचे प्रोजेक्ट बघतात आणि एकाला आपल्या लॅबमध्ये घेऊन जातात. जागा एकच. शीतलच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, ही जागा मिळाली तर पुढे शीक, नाहीतर भांडुपच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ओळखीने चिकटवतो, घरोघर जाऊन रक्त गोळा कर. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण ते हात सुया टोचत फिरणार या विचाराने माझंच डोकं फिरायचं.

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगायला मला लाज वाटते.

खंडेनवमीला मी लॅबमधल्या यंत्रांची पूजा करतो. बत्तीस वर्षं करत आलोय. आमच्या गावी नांगराची करतात, कोयत्याची करतात, मी ऑटोक्लेव्हची करतो. ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच. पूर्वी सगळं डिपार्टमेंट जमायचं, पेढे वाटायचे. मग दोन वर्षांपूर्वी झेंडूची पाकळी नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये अडकली, यंत्र बंद पडलं आणि प्रिन्सिपॉलनी नोटीस काढली. यंत्रांवर हळद, कुंकू, फुलं वाहिल्यास संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई होईल. नोटिशीखाली वाचल्याची सही माझीच, कारण संबंधित कर्मचारी मी एकटाच होतो.

तरीही मी पूजा केली. सकाळी सातलाच येऊन, फुलं नाहीत, उदबत्ती नाही, फक्त बोटभर हळद आणि टिकलीएवढं कुंकू. यूव्हीच्या पेटीलाही लावलं. हात जोडले आणि लगेच पिवळ्या फडक्याने सगळं पुसून टाकलं. फडकं आधीच पिवळं, त्यामुळे हळद त्यावर दिसली नाही आणि मीही ते धुतलं नाही. ते नेहमीच्या खिळ्याला अडकवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायलो.

पुढच्या मंगळवारी शीतलने आठव्यांदा जिवाणूंना शॉक दिला. बुधवारी सकाळी मी प्लेटा इनक्युबेटरमधून बाहेर काढल्या. रात्रभर उबेत राहून प्लेटांना घाम येतो, आणि मार्करने लिहिलेली नावं फिसकटतात. म्हणून मी प्रत्येक प्लेट खालून-वरून पुसतो, नावाचा कोपरा तेवढा सोडून. माझी सवय आहे ती. कोणी सांगितलेलं नाही. खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि पुसून ट्रेमध्ये रचल्या.

दुपारी मॅडमनी पडदे ओढले, दिवे घालवले आणि शीतलची प्लेट यूव्हीच्या पेटीवर ठेवली.

प्लेट हिरवी पेटली.

मॅडमनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या केमिस्ट्रीचे लोक धावत आले. "लवूकाका, चमकली! अगं शीतल, चमकली ना!" त्यांनी शीतलला मिठीच मारली. शीतल नुसती बघत राहिली, तिला हसायचंही सुचेना. मॅडमनी फोटो काढला, डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला, खाली फटाके आणि टाळ्या. कुणीतरी वडे आणले. त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. शीतल हळूच म्हणाली होती, "मॅम, कंट्रोल बघायचं का?" आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "बघशील गं नंतर, आधी वडा खा."

कंट्रोल म्हणजे तिची दुसरी प्लेट. जिवाणू तेच, खाणं तेच, शॉक तोच, फक्त जनुक घातलेलं नाही. ती चमकता कामा नये. ती अंधारात राहिली तरच पहिलीच्या चमकण्याला अर्थ. हे मी पोरांना दर वर्षी सांगतो, मॅडमनाही वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पण त्या दिवशी मीसुद्धा वडा खात होतो.

सगळे गेल्यावर मी आवरायला घेतलं. पेटी चालूच राहिली होती. तोंडावर ढाल बांधून मी बटणाकडे हात नेला आणि जागीच थांबलो. माझी नखं चमकत होती. तीच हिरवट पिवळी चमक. मी हात उलटा केला, तर बोटांच्या पेरांवर, रेघारेघांत तेच. मग फडकं पेटीच्या उजेडात धरलं. अख्खं फडकं उजळून निघालं. पूजेची हळद त्या उजेडात अशी चमकते, हे मला तेव्हा कळलं.

मी स्टूल ओढून बसलो. बत्तीस वर्षं मी या लॅबमध्ये कुणाची एक नळी घाण राहू दिली नाही. आणि त्या पोरीच्या आठव्या शॉकवर मी माझ्या हाताने हळद फासली होती. चमकत होती ती काच, जिवाणू नव्हते. अंधारात, आनंदात कुणी एवढं नीट बघितलंच नव्हतं.

पेटीची काच मी स्पिरिटने तीन वेळा घासली. पण प्लेटा फ्रीजमध्ये गेल्या होत्या आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. खरं सांगायचं तर घाबरलो. निवृत्तीला चार महिने राहिलेत, नोटिशीवर माझी सही आहे, आणि या वयात एकदा कारवाईचा कागद फाइलला लागला की बाकीचे सगळे कागद अडकतात. दिंडोशीला घरी गेलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, "काय झाला तुमका?" मी म्हटलं, पित्त झालं.

गुरुवारी मॅडम परीक्षेच्या ड्यूटीवर, लॅबमध्ये फक्त मी आणि शीतल. दिवसभर ती स्लाइड्स बनवत बसली होती. चारदा तिच्या टेबलापर्यंत गेलो. एकदा ट्रे उचलला, एकदा पंखा कमी केला, दोनदा उगीचच उभा राहिलो. ती म्हणाली, "काका, काही हवंय का?" मी म्हटलं, "नाय गो, तू कर तुझं." संध्याकाळी मॅडमकडून किल्ली घेऊन तिने फ्रीज उघडला तेव्हा मी खाली काचसामानाची डिलिव्हरी घ्यायला गेलो होतो. परत आलो तर ती निघून गेली होती. मग मी स्वतःला बजावलं, उद्या सकाळी साडेसातला आली की सांगायचंच.

शुक्रवारी ती साडेसातला आलीच नाही. आली ती नऊला, आणि त्याच लिफ्टमधून डॉ. सबनीस उतरले.

सेमिनार रूममध्ये मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या भिंतीला उभा होतो. चार पोरांचं झालं. मग शीतल उठली. पांढरा कोट, हातात ग्लोव्हज. तिने सगळं नीट सांगितलं. मॅडम मान डोलवत होत्या. मग पडदे ओढले, प्लेट पेटीवर ठेवली, आणि ती हिरवी पेटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रे घट्ट धरून ठेवला.

"सर, आता कंट्रोल," शीतल म्हणाली आणि तिने दुसरी प्लेट शेजारी ठेवली.

तीही तशीच पेटली.

टाळ्या मध्येच थांबल्या. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. "शीतल? हे काय?" त्यांचा आवाज ओळखू येईना. शीतलने स्पिरिटचा कापूस घेतला, दोन्ही प्लेटांच्या काचा खालून पुसल्या आणि परत ठेवल्या. दोन्ही काळ्याठिक्कर. जिवाणूंचा एक ठिपकाही चमकला नाही.

"माझा प्रयोग फसला आहे, सर," ती म्हणाली. "बुधवारी आम्ही जी चमक बघितली ती काचेवर लागलेल्या हळदीची होती. कंट्रोल मी काल संध्याकाळी बघितलं, एक कोपरा पुसूनही पाहिला. आधीच बघायला हवं होतं. ग्रुपवरचा फोटो चुकीचा आहे."

हिला माहीत आहे. हिला कालपासून माहीत आहे. मी दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घालत होतो, आणि शेवटी तिने एकटीनेच सगळं शोधून काढलं होतं. मॅडमनी तर तोंडावर रुमाल धरला होता.

दिवे लागले. सबनीसांनी दोन्ही प्लेटांकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पंधरा वर्षं येतोय. स्वतःचा रिझल्ट माझ्यासमोर स्वतःच मोडून दाखवणारं कुणी बघितलं नव्हतं." ते जरासे हसलेही. "पण हळद आली कुठून?"

शीतलने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "माझ्यामुळे, सर. बोट कापलं होतं. आईने हळद दाबली होती. मी ग्लोव्हज न घालता प्लेटा हाताळल्या."

मी हादरलो. जी पोरगी ग्लोव्हजशिवाय लॅबच्या कपाटालाही हात लावत नाही, ती हे सांगत होती! आणि तेव्हा मला लक्षात आलं की खंडेनवमीच्या सकाळी मी फडकं खिळ्याला अडकवून वळलो तेव्हा दारात कुणाची तरी बॅग दिसली होती. तिच्या घरी बुद्धवंदना होते, हळदकुंकू नाही. ती आत न येता दाराबाहेरच थांबली होती, माझी पूजा होईपर्यंत. तिने सगळं बघितलं होतं, नोटीस तिलाही ठाऊक होती. ती मला वाचवत होती.

सबनीसांचा चेहरा उतरला. "उघड्या हाताने? एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला? हे पहिल्या दिवशी शिकवतात. जिवाणूंच्या प्लेटा, आणि तुमच्या बोटाला जखम! उद्या माझ्या लॅबमध्ये असं केलंत तर तुमचा जीव जाईल आणि माझी लॅब बंद होईल, कळतंय का?"

शीतल मान खाली घालून ऐकत होती. माझ्या डोळ्यांसमोर तिची ती जागा चालली होती. आणि कुणामुळे? माझ्यामुळे. मला राहवेना. मी ट्रे खाली ठेवला, कप खणखणले, सगळे वळले.

"साहेब, ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "हळद माझी. खंडेनवमीला मी यंत्रांना लावली आणि त्याच फडक्याने हिच्या प्लेटा पुसल्या. हिचं बोटही कापलेलं नाही. हिच्यासारखा स्वच्छ हात या कॉलेजात दुसरा नाही."

मला वाटलं, आता सुटली पोरगी. खरंच वाटलं. छाती हलकी झाली, कारवाई व्हायची तर होऊ दे.

सबनीसांनी शीतलला हात दाखवायला सांगितलं. तिने ग्लोव्हज काढले. दहाही बोटं धडधाकट. कुठे खरचटलेलंही नव्हतं.

"म्हणजे ही गोष्ट तुम्ही रचलीत," ते शांतपणे म्हणाले.

"सर, काकांची निवृत्ती..."

"मला समजलं कशासाठी ते. तुमचं मन चांगलं आहे. पण कंट्रोलची चूक कशामुळे झाली, हेसुद्धा निरीक्षणच असतं, आणि ते तुम्ही बदलून सांगितलंत. आज काकांसाठी, उद्या माझ्यासाठी सांगाल. मग मी तुमच्या वहीवर विश्वास कसा ठेवू?"

मॅडम "सर, प्लीज" म्हणाल्या. सबनीसांनी पेन उचललं, समोरच्या कागदावर एक रेघ ओढली, चष्मा काढला आणि पाणी मागितलं. पाणी द्यायचं काम माझं होतं. मी दिलं.

ते स्टाफरूमकडे गेल्यावर मी कप उचलायला टेबलाजवळ गेलो. कागद तिथेच होता. वरती छापलं होतं, निवडलेला उमेदवार. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, शीतल शिवदास हिवराळे. नावावरून एक सरळ रेघ गेली होती.

माझ्या हातातून कप पडला. त्यांनी नाव आधीच लिहिलं होतं. कंट्रोल दाखवलं तेव्हाच लिहिलं होतं. ग्लोव्हजवरून नुसतं रागवत होते, मॅडम रागावतात, मी रागावतो, तसंच. रागावून झालं असतं की संपलं असतं. ती रेघ माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यानंतरची होती.

शीतल लॅबमध्ये होती. प्लेटा ऑटोक्लेव्हच्या पिशवीत भरत होती. मी दारात उभा राहिलो.

"शीतल, अगं, असं खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू काका, तुमचं नाव?" ती वळली नाही. "नोटीस मी वाचलीय. चार महिने राहिलेत ना तुमचे."

"आणि तुझी जागा?"

"ओरडत होते फक्त. मला दिसत होतं, कागदावर माझं नाव होतं. मी समोरच उभी होते." तिचे हात थांबले नाहीत. "तुम्ही का बोललात, काका?"

"तुझी जागा जाऊ नये म्हणून."

"गप्प राहिला असतात तर दोघांचीही वाचली असती."

मला रडू आलं. तिच्यासमोर, भर दिवसा, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या लॅबमध्ये मी रडलो. तिने पिशवीचं तोंड बांधलं, वर टेप लावली, तारीख घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. ऑटोक्लेव्हपाशी जाईपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली आणि झाकण तिनेच लावलं.